चार हजारांचा टॅब : घ्यावा की न घ्यावा?

शाळा सुरू होण्याचा जून महिना जवळ आला, किंवा दसरा-दिवाळीच्या खरेदीची लगबग सुरू झाली, की खरेदीच्या संकेतस्थळांवर एक जाहिरात हमखास डोके वर काढते. दहा इंची पडदा, 'आठ जीबी रॅम', 'दोनशे छप्पन जीबी स्टोअरेज', सोबत कीबोर्ड, कव्हर आणि हेडफोन मोफत. आणि एवढ्या सगळ्याची किंमत चार हजारांच्या आतबाहेर. त्याच पानावर थोडे खाली एखाद्या नामांकित कंपनीचा टॅब अकरा-बारा हजारांना दिसतो आणि त्याची जाहीर केलेली रॅम मात्र याच्या निम्मी असते. साहजिकच पाहणाऱ्याला प्रश्न पडतो, की निव्वळ नावासाठी सात-आठ हजार जास्त का मोजायचे?

प्रश्न वाजवी आहे. ज्या घरात एकच स्मार्टफोन आहे, तो सकाळी वडिलांबरोबर कामावर जातो आणि मुलीच्या शिकवणीचे व्हिडिओ रात्री नऊनंतरच उघडतात, त्या घरात चार हजार ही किरकोळ रक्कम नसते. ती दोन-तीन महिन्यांच्या काटकसरीतून उभी राहते. 'स्वस्तच आहे, बिघडला तर बिघडला' असे म्हणणे ज्यांना परवडते, त्यांना मुळात या टॅबची फारशी गरज नसते. ज्यांना खरी गरज असते, त्यांचा एकच डाव असतो आणि तो फसला तर शैक्षणिक वर्ष तसेच निघून जाते.

टॅब म्हणजे दोन-तीन वर्षे चालणारे अभ्यासाचे मुख्य साधन अशी अपेक्षा असेल, तर या किमतीतला अनोळखी नावाचा टॅब घेऊ नये. एखादे ठरावीक, हलके काम त्याच्याकडून करून घ्यायचे असेल आणि वस्तू परत करण्याची सोय असेल, तर विचार करायला हरकत नाही. असे का, हे समजून घ्यायचे तर थोडे मागे जावे लागते. कारण स्वस्त टॅबचा सर्वांत मोठा प्रयोग आपल्याच देशात आणि सरकारी पातळीवर होऊन गेला आहे.

'आकाश'ची आठवण

५ ऑक्टोबर २०११ रोजी नवी दिल्लीत तत्कालीन मनुष्यबळ विकासमंत्री कपिल सिब्बल यांच्या हस्ते 'आकाश' या टॅबचे अनावरण झाले. जगातील सर्वांत स्वस्त टॅब म्हणून त्याचा गाजावाजा झाला. डेटाविंड ही कंपनी तो पुरवणार होती आणि तांत्रिक निकषांची जबाबदारी आयआयटी राजस्थानकडे होती. सरकारला तो साधारण ५० डॉलरना पडत होता. विद्यार्थ्यांच्या हाती तो ३५ डॉलरना, म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने सुमारे १,७५० रुपयांना द्यावा असे घाटत होते. त्या काळी नामांकित कंपन्यांचे टॅब वीस-तीस हजारांच्या घरात होते, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याने किती आशा निर्माण केली असेल याची कल्पना येते.

पण टॅब हातात पडल्यावर आकड्यामागची काटछाट उघडी पडली. सात इंची पडदा 'रेझिस्टिव्ह' जातीचा होता. या पडद्यावर बोट नुसते टेकवून चालत नाही, ते दाबावे लागते. प्रोसेसरचा वेग ३६६ मेगाहर्ट्‌झ आणि रॅम २५६ एमबी होती. बॅटरी २,१०० एमएएचची, म्हणजे आजच्या साध्या फोनच्या निम्म्याहून कमी. ती जेमतेम दोन-तीन तास टिके. गूगलचे अधिकृत अ‍ॅप-दुकान त्यात नव्हते. त्याऐवजी गेटजार नावाच्या दुसऱ्याच दुकानातून अ‍ॅप घ्यावे लागत. यातील एकही गोष्ट लपवलेली नव्हती. तपशीलपत्रकात सर्व काही नमूद होते. मात्र 'टॅब' हा शब्द ऐकून लोकांच्या मनात जे चित्र उभे राहिले होते, त्याच्याशी त्या तपशिलांचा मेळ नव्हता.

पुढे टॅब किती कठोर चाचण्यांना उतरला पाहिजे यावरून संस्था आणि कंपनी यांच्यात वाद झाला. २०१२ मध्ये प्रकल्प आयआयटी मुंबईकडे आला आणि त्याच वर्षी ११ नोव्हेंबरला राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते 'आकाश-२' सादर झाला. हा टॅब बराच सुधारलेला होता. बोटाच्या हलक्या स्पर्शाने चालणारा पडदा, १ गिगाहर्ट्‌झचा प्रोसेसर, ५१२ एमबी रॅम. पवईत प्रा. दीपक फाटक यांच्या नेतृत्वाखालील चमूने केवळ टॅब वाटण्यावर भर न देता त्यासाठी शैक्षणिक अ‍ॅप तयार करण्याचे आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांतील शिक्षकांना प्रशिक्षण देण्याचे काम हाती घेतले. या सगळ्या प्रयोगातले टिकाऊ काम बहुधा हेच. कारण टॅबच्या पिढ्या दोन वर्षांत शिळ्या होतात, एकदा शिकलेला शिक्षक होत नाही. योजना मात्र २०१५ पर्यंत गुंडाळली गेली.

याच सुमारास जगात आणखी एक प्रयोग चालू होता आणि त्याचा धागा महाराष्ट्रात येतो. अमेरिकेतील निकोलस निग्रोपाँटी यांनी २००५ मध्ये मुलांसाठी 'शंभर डॉलरचा लॅपटॉप' जाहीर केला. त्याची भारतातील पहिली चाचणी २००७ मध्ये रायगड जिल्ह्यात कर्जत तालुक्यातील खैरात या छोट्या गावाच्या शाळेत झाली. तो लॅपटॉप धूळ, पाणी आणि मुलांची आदळआपट सोसेल असा बनवला होता. उन्हातही त्याचा पडदा वाचता येई. पण उत्पादन सुरू होईपर्यंत त्याची किंमत शंभरावर न राहता दोनशे डॉलरच्या जवळ पोहोचली. म्हणजे एका प्रयोगात वस्तू सांभाळली आणि किंमत वाढू दिली. 'आकाश'च्या पहिल्या आवृत्तीत किंमत सांभाळली आणि वस्तू घसरू दिली. चार हजारांच्या टॅबच्या कारखान्यात आजही दुसरीच वाट धरली जाते. फरक इतकाच, की 'आकाश'च्या तपशीलपत्रकात खरे आकडे छापलेले होते.

पैसे वाचतात कुठे?

टॅबच्या किमतीतला मोठा वाटा पडदा, मुख्य चिप, मेमरी आणि बॅटरी या चार गोष्टींचा असतो. त्यांच्या किमती जागतिक बाजारात ठरतात आणि कोणत्याही कंपनीला त्यात जादू करता येत नाही. किंबहुना २०२५ च्या उत्तरार्धापासून मेमरी चिपांच्या किमती जगभर चढल्या आहेत. अशा वेळी चार हजारांत 'आठ आणि दोनशे छप्पन जीबी' देणारा विक्रेता एक तर तोट्यात धंदा करतो, किंवा त्या आकड्यांचा अर्थ आपण समजतो तो नसतो.

रॅमचेच पाहा. 'आठ जीबी' या मोठ्या अक्षरांखाली बारीक अक्षरांत '२+६' किंवा '४+४' असे लिहिलेले असते. यातला पहिला आकडा खऱ्या रॅमचा. दुसरा आकडा म्हणजे स्टोअरेजमधली जागा रॅम म्हणून वापरण्याची सोय. स्टोअरेजची चिप रॅमच्या तुलनेत पुष्कळ संथ असते. त्यामुळे ही उसनवारी फार तर मागे पडलेली अ‍ॅप जिवंत ठेवते, टॅबला वेग देत नाही. अँड्रॉइडची हलकी 'गो' आवृत्ती घेतली तरी २०२२ च्या अँड्रॉइड १३ पासून गूगलने त्यासाठी किमान २ जीबी रॅम आणि १६ जीबी स्टोअरेज अशी अट घातली. याचा अर्थ असा, की खरी २ जीबी रॅम असलेला टॅब हा काठावर पास झालेला विद्यार्थी आहे. ऑनलाइन वर्ग चालू असताना वहीचे अ‍ॅप उघडले की वर्ग बंद पडणार, हे गृहीत धरावे.

स्टोअरेजच्या बाबतीत लबाडी याहून गंभीर असू शकते. आत ३२ जीबीची चिप आणि सेटिंग्जमध्ये मात्र २५६ जीबीचा आकडा, असा बदल सॉफ्टवेअरमध्ये करता येतो आणि निनावी टॅबमध्ये असे प्रकार आढळले आहेत. अँड्रॉइडची आवृत्तीही अशीच रंगसफेदी करून नवी दाखवता येते. आकडा खोटा असेल तर सुरुवातीला काहीच जाणवत नाही. खरी जागा भरली, की त्यानंतर ठेवलेल्या फाइली उघडत नाहीत किंवा आधीच्या नाहीशा होतात. वर्षभराच्या नोट्‌स मार्चमध्ये गायब झाल्या, तर त्याचे कारण इतके साधे असू शकते.

पडदा ही मराठी वाचकाने विशेष लक्ष द्यावी अशी बाब. स्वस्त टॅबच्या पडद्यावर १०२४ गुणिले ६०० इतकेच ठिपके असतात. सात इंची पडद्यावर ते दर इंचाला सुमारे १७० पडतात. तेच ठिपके दहा इंचांवर पसरले की दर इंचाला केवळ ११७ उरतात. म्हणजे मोठा पडदा म्हणून जो दहा इंची टॅब घेतला, त्यावरचे अक्षर पहिल्या 'आकाश'पेक्षाही विरळ. 'आकाश'च्या पडद्यावर दर इंचाला सुमारे १३३ ठिपके होते. रोमन लिपीतला मजकूर अशा पडद्यावर कसाबसा निभावतो. देवनागरीत वर रफार, खाली उकार, मध्ये जोडाक्षर अशी गर्दी असते. 'द्ध' आणि 'द्व', 'घ' आणि 'ध' यांतला फरक त्या गर्दीत पुसट होतो. बालभारतीची पाठ्यपुस्तके पीडीएफ स्वरूपात ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर मिळतात, ही मोठी सोय आहे. मात्र त्यांचे पान मोठ्या आकाराचे असते. ते पूर्ण पान दहा इंचांत वाचता यायला हवे असेल, तर १९२० गुणिले १२०० ठिपक्यांचा, म्हणजे दर इंचाला २२४ ठिपके देणारा पडदा समाधानकारक म्हणावा लागेल. १२८० गुणिले ८०० हा कामचलाऊ. त्याखाली प्रत्येक परिच्छेद मोठा करून, बोटाने सरकवत वाचावा लागतो आणि गणिताची आकृती एकीकडे व प्रश्न दुसरीकडे अशी ओढाताण होते.

बॅटरीबद्दल थोडक्यात सांगायचे तर जाहीर आकड्यापेक्षा चार्जरकडे पाहावे. सहा हजार एमएएचची बॅटरी पाच वॉटच्या चार्जरवर भरायला पाच ते सहा तास लागतात. लिथियम बॅटरी तीनशे ते पाचशे वेळा पूर्ण भरून रिकामी झाली की तिची क्षमता बऱ्यापैकी घटते. जो टॅब रोज एकदा पूर्ण रिकामा होतो त्याच्या बाबतीत हा काळ वर्ष-दीड वर्षात येतो आणि अनोळखी टॅबची बदली बॅटरी दुरुस्तीच्या दुकानात सहसा मिळत नाही. पडदा फुटला तरी तीच गत. नामांकित कंपनीच्या टॅबचा पडदा महाग असतो, पण मिळतो.

चित्रपट पाहण्यासाठी टॅब घेणाऱ्यांनी आणखी एक तपशील विचारावा. नेटफ्लिक्ससारख्या सेवा चांगल्या प्रतीचे चित्र दाखवण्यासाठी उपकरणात 'वाइडवाइन एल-१' नावाची सुरक्षा पातळी मागतात. स्वस्त टॅबमध्ये ती बहुधा नसते. मग वर्गणी कितीही भरा, चित्र पुसटच येते. यूट्यूबला ही अडचण नाही.

पेटीत न दिसणारा पाहुणा

आतापर्यंतचे दोष गैरसोयीचे म्हणता येतील. पुढचा दोष धोक्याचा आहे आणि विकत घेताना त्याचा विचार जवळजवळ कोणीच करत नाही. काही अतिस्वस्त उपकरणांत घातक सॉफ्टवेअर कारखान्यातून किंवा पुरवठ्याच्या वाटेवरच भरलेले येते. पेटी उघडण्यापूर्वीच उपकरण बाधित असते; मालकाने कोणतीही चूक करण्याची गरज नसते.

ही काल्पनिक भीती नव्हे. २०२३ मध्ये ह्यूमन सिक्युरिटी या कंपनीच्या संशोधकांनी 'बॅडबॉक्स' नावाने ओळखले जाणारे असे एक जाळे उघडकीस आणले. त्यात प्रामुख्याने टीव्हीला जोडायचे स्वस्त अँड्रॉइड बॉक्स होते, पण टॅबही होते. २०२५ मध्ये याच जाळ्याच्या दुसऱ्या आवृत्तीत दहा लाखांहून अधिक उपकरणे सापडल्याचे सांगण्यात आले आणि जूनमध्ये अमेरिकेच्या एफबीआयने नागरिकांना जाहीर इशारा दिला. अशी उपकरणे मालकाच्या नकळत जाहिरातींवर टिचक्या मारत राहतात किंवा घरातले इंटरनेट अनोळखी लोकांना वाट म्हणून वापरू देतात. २०२३ मध्येच इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या अमेरिकी संस्थेने खास मुलांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या एका स्वस्त टॅबची तपासणी केली, तेव्हा त्यातही घातक सॉफ्टवेअरचे अवशेष आणि संशयास्पद अ‍ॅप आढळले. तो टॅब एका मोठ्या खरेदी संकेतस्थळावर उघडपणे विकला जात होता. 'मोठ्या संकेतस्थळावर मिळतो म्हणजे तपासलेलाच असणार' हा समज त्यामुळे सोडून दिलेला बरा.

प्रत्येक स्वस्त टॅब असा असतो असे नाही. पण घेणाऱ्याला बाहेरून फरक ओळखता येत नाही. म्हणून अशा टॅबवर बँकेचे किंवा यूपीआयचे अ‍ॅप टाकू नये, घरातल्या मुख्य गूगल खात्याने त्यात प्रवेश करू नये. स्वतंत्र खाते उघडून तेवढेच वापरावे. शिवाय सुरक्षेच्या सुधारणा या टॅबना येतच नाहीत म्हटले तरी चालेल. त्याचा परिणाम हळूहळू जाणवतो. उदाहरणार्थ, २०२५ मध्ये क्रोम ब्राउझरने अँड्रॉइड ८ आणि ९ या आवृत्त्यांची साथ सोडली. आजही जुनी आवृत्ती घालून 'नवा' टॅब विकणारे आहेत. असा टॅब पेटीतून बाहेर येतो तोच निवृत्तीच्या वयाचा असतो.

हिशेब महिन्याचा मांडावा

समजा, चार हजारांचा टॅब चौदा महिने उपयोगी राहिला. महिन्याला सुमारे २८६ रुपये पडले. अकरा हजारांचा टॅब चार वर्षे चालला, तर महिन्याला सुमारे २२९ रुपये. पहिला टॅब दोन वर्षे टिकला तर महिन्याला १६७ रुपये पडतील आणि तोच स्वस्त ठरेल, हेही खरे. प्रश्न टिकण्याचा आहे. चार हजारांच्या टॅबवर हमी बहुधा सहा महिने ते एक वर्षाची असते आणि ती बजावणारे सेवा केंद्र आपल्या गावात तर सोडाच, जिल्ह्यात आहे की नाही हेही पेटीवरून समजत नाही. टॅब कुरिअरने दुसऱ्या राज्यात पाठवायचा आणि तीन आठवडे वाट पाहायची, ही हमी परीक्षेच्या तोंडावर काय कामाची?

अर्थात अकरा हजार उभे करता येत नाहीत म्हणूनच चार हजारांचा विचार होतो, याकडे डोळेझाक करून चालणार नाही. 'थोडे थांबा आणि चांगला घ्या' हा सल्ला देणे सोपे असते. त्यामुळे चार ते सहा हजारांतच काय काय होऊ शकते, ते पाहिले पाहिजे.

पहिला पर्याय फोनचा. फोन टॅबपेक्षा कितीतरी अधिक संख्येने विकले जातात, त्यामुळे त्याच पैशात फोनमध्ये बरी चिप, बरा पडदा आणि जवळपासचे सेवा केंद्र मिळते. सात-आठ हजारांचा नामांकित कंपनीचा साधा फोन चार हजारांच्या टॅबपेक्षा अभ्यासाला अधिक भरवशाचा. पडदा लहान, ही उणीव राहते. पण घरात स्मार्ट टीव्ही असेल तर व्हिडिओ त्यावर पाहता येतो. शिकवणीचा तासाभराचा व्हिडिओ टीव्हीवर आणि सराव वहीवर, ही विभागणी अनेक घरांत टॅबशिवायही चालू शकते.

दुसरा पर्याय वापरलेल्या टॅबचा. दोन-तीन वर्षांपूर्वीचा नामांकित टॅब पाच-सहा हजारांत मिळू शकतो. येथे दोन गोष्टी पाहाव्यात: बॅटरी किती उतरली आहे आणि आधीच्या मालकाचे खाते पूर्णपणे काढलेले आहे की नाही. विशेषतः आयपॅडवर जुन्या मालकाचे खाते राहिले असेल, तर तो टॅब म्हणजे काचेची पाटी. समोर बसून, आपल्या खात्याने प्रवेश करून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

तिसरी गोष्ट पर्यायापेक्षा चौकशीची. विज्ञान शाखेत गेलेल्या इतर मागास वर्ग, भटक्या व विमुक्त जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातील विद्यार्थ्यांना प्रवेश परीक्षांच्या तयारीसाठी नागपूरच्या 'महाज्योती' संस्थेने गेल्या काही वर्षांत टॅब आणि इंटरनेट डेटा मोफत दिला. मुंबई महापालिकेने २०१५ मध्ये आपल्या शाळांतील आठवीच्या विद्यार्थ्यांना अभ्यासक्रम भरलेले टॅब दिले होते. अशा योजना वर्षागणिक बदलतात, अर्जाच्या मुदती चुकतात. तरीही खिशातले चार हजार काढण्यापूर्वी शाळेत किंवा महाविद्यालयात एकदा विचारून पाहण्यात काही जात नाही.

मग चार हजारांचा टॅब कोणासाठी? यूट्यूबवर कीर्तन आणि अभंग ऐकणाऱ्या, परदेशातल्या नातवंडांशी आठवड्यातून एकदा बोलणाऱ्या आजी-आजोबांसाठी तो चालून जाईल. त्यांना फोनचे बारीक बटण दिसत नाही, टॅबचे दिसते. दुकानाच्या गल्ल्यावर कॅमेऱ्याचे चित्र पाहायला, स्वयंपाकघरात रेडिओसारखा वाजत ठेवायला, किंवा एकदा भरून ठेवलेली पुस्तके इंटरनेट बंद ठेवून वाचायलाही हरकत नाही. यातले एकही काम असे नाही, की टॅब एक दिवस बंद पडला तर घरातल्या कोणाचे नुकसान होईल. दहावीच्या मुलीला मात्र हे लागू होत नाही.

घ्यायचाच ठरला तर

पानावरील मोठे आकडे सोडून चिपचे नाव शोधावे. ते कुठेच दिले नसेल, केवळ 'आठ कोअरचा वेगवान प्रोसेसर' एवढेच असेल, तर पुढे जाण्यात अर्थ नाही. खरी रॅम ४ जीबी असावी. ३ जीबीपर्यंत तडजोड करता येईल. ई-कॉमर्सविषयीच्या २०२० च्या नियमांनुसार विक्रेत्याचे नाव-पत्ता, वस्तू कोणत्या देशात तयार झाली ती माहिती आणि परत करण्याच्या अटी संकेतस्थळाने दाखवायला हव्यात. 'परत' आणि 'बदलून' या दोन शब्दांत फरक आहे, हे ध्यानात ठेवावे. बदलून मिळणारा टॅब त्याच ढिगातला असतो.

टॅबवर किंवा पेटीवर भारतीय मानक ब्युरोची नोंदणी खूण आणि 'आर' अक्षराने सुरू होणारा क्रमांक असणे आवश्यक आहे. ब्युरोच्या 'बीआयएस केअर' या अ‍ॅपमध्ये तो क्रमांक टाकला, की नोंदणी कोणाच्या नावे आणि कोणत्या वस्तूची आहे ते समजते. क्रमांक टॅबचा नसून भलत्याच वस्तूचा निघाला, तर पेटी परत बंद करावी. टॅबमध्ये सिमकार्डाची सोय असेल तर *#०६# दाबून आयएमईआय क्रमांक काढावा आणि तो दूरसंचार विभागाच्या 'संचार साथी' संकेतस्थळावर पडताळावा.

त्यानंतर प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये 'अबाउट' या भागात जाऊन 'प्ले प्रोटेक्ट'चे प्रमाणपत्र पाहावे. उपकरण प्रमाणित नसल्याचे तेथे लिहिलेले असेल, तर बाकी काहीही तपासत बसू नये. प्रमाणित असेल तर त्याच संध्याकाळी टॅब पूर्ण भरून यूट्यूबचा एक लांब व्हिडिओ लावून ठेवावा आणि बॅटरी किती तासांत संपते ते घड्याळ लावून मोजावे. दुसऱ्या दिवशी संगणकावरून मोठ्या फाइली टॅबमध्ये भरत जाव्यात; सांगितलेल्या जागेच्या निम्म्यापर्यंत तरी भराव्यात आणि सुरुवातीच्या व शेवटच्या फाइली उघडून पाहाव्यात. यात वेळ जातो, पण खोटे स्टोअरेज पकडण्याचा याहून खात्रीचा घरगुती उपाय नाही. तिसऱ्या दिवशी ज्या अ‍ॅपवर मुलाची शिकवणी आहे तेच अ‍ॅप, घरातल्या त्याच वायफायवर, तासभर चालवावे आणि मुलाला बोलायला सांगून समोरच्याला आवाज नीट जातो का ते विचारावे. स्वस्त टॅबचा मायक्रोफोन हा सर्वांत दुर्लक्षित भाग असतो आणि करोनाकाळातील ऑनलाइन वर्गांत 'सर, आवाज येतोय का?' हा प्रश्न किती वेळा ऐकू आला, हे पालकांना आठवत असेलच.

परत करण्याची मुदत बहुधा सात ते दहा दिवसांची असते. तोपर्यंत पेटी, प्लॅस्टिकचे आवरण आणि चार्जर जपून ठेवावेत, पडद्यावर संरक्षक काच चिकटवू नये आणि पेटी उघडतानाचे चित्रीकरण फोनवर करून ठेवावे. बिल टॅबच्या क्रमांकासह घ्यावे. विक्रेता दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते आणि ती नोंदवताना हेच बिल, हेच चित्रीकरण आणि जाहिरातीच्या पानाचे काढून ठेवलेले छायाचित्र विचारले जाते. विक्रीनंतर ते पान बदललेले किंवा नाहीसे झालेले असण्याची शक्यता असते. म्हणून छायाचित्र मागणी नोंदवण्यापूर्वीच काढावे.